चिनी नाणं: आधी कड बघा, मग अक्षरं

फेंगशुईच्या दुकानात लाल दोऱ्यात ओवलेली, मधे चौकोनी भोक असलेली पिवळीधमक नाणी मिळतात. त्यांवर चीनच्या छिंग या शेवटच्या राजघराण्यातल्या सम्राटांची नावं असतात, पण ती बहुतेक सगळी आजकालची पितळी नक्कल असते आणि विकणाराही क्वचितच वेगळा दावा करतो. अडचण होते ती कुणी हिरवट, झिजलेलं नाणं पुढे करून ‘हे सोंग राजवटीतलं’, म्हणजे जवळपास हजार वर्षांपूर्वीचं, असं सांगतो तेव्हा.

अशा वेळी बहुतेकांची नजर आधी अक्षरांवर जाते. माझ्या मते कड आणि भोक जास्त बोलकं असतं. भारतात नाणी ठोकून पाडत, चीनमध्ये मात्र दोन हजार वर्षं ती ओतली गेली. ‘मातृनाणं’, म्हणजे नमुन्याचं नाणं, बारीक वाळूत दाबून साचे करत, त्यात रस ओतला की झाडाच्या फांद्यांना लागावीत तशी नाणी तयार होत. ती तोडून चौकोनी सळईवर ओवत आणि कडा एकत्र कानसत. म्हणून खऱ्या नाण्याच्या कडेवर कानशीचे ओरखडे दिसू शकतात. यंत्राने ठोकलेली नाणी दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतात 1889 पासून निघू लागली. त्याआधीच्या नाण्यावर ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर विषय तिथेच संपतो.

नकली नाणं करणारा खऱ्या नाण्यावरूनच साचा घेतो, तिथे भौतिकशास्त्र आडवं येतं. धातू थिजताना साधारण एक-दोन टक्के आकसतो. 25 मिलिमीटरचं नाणं त्यामुळे पाव ते अर्धा मिलिमीटर लहान होतं आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. अर्थात जुन्या टांकसाळींची नाणीही एकमेकांशी तंतोतंत जुळत नसत, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये.

मग धातू तपासायचा. क्ष-किरणांनी नाण्याला ओरखडाही न पाडता मिश्रण कळतं, फक्त ते पृष्ठभागापुरतं असतं. सोंग काळातली (960–1279) नाणी कांशाची, त्यात शिसं भरपूर, पुष्कळदा वीस-तीस टक्क्यांच्या आसपास. पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त, नाण्यांत आलं ते मिंग काळात, सोळाव्या शतकात. म्हणजे ‘सोंग’ नाण्यात जस्त भरपूर निघालं तर संशय घ्यावा.

हिरव्या थराचंही तसंच. जमिनीत शेकडो वर्षं पडलेल्या कांशावर बहुधा आधी तांबूस क्युप्राइट बनतं आणि त्यावर हिरवं मॅलाकाइट चढतं; दोन्ही तांब्याचीच संयुगं. हे थर धातूत रुजलेले असतात. रंगवलेला किंवा चिकटवलेला हिरवेपणा अॅसिटोनच्या बोळ्याने सुटू शकतो. आपल्याकडची चिंच लावून घासायची सवय इथे घातक ठरते, कारण त्यात पुरावाच धुऊन जातो.

सगळ्यात सुंदर युक्ती शिशात दडलेली आहे. खनिजातल्या युरेनियमपासून रेडियम आणि पुढे शिसे-210 हा शिशाचाच एक किरणोत्सारी प्रकार (समस्थानिक) सतत बनत असतो. खनिज वितळवलं की रेडियम बहुतांशी मळीत, म्हणजे वितळवताना वेगळ्या होणाऱ्या टाकाऊ भागात जातं, शिसे-210 मात्र धातूत येतं. आता त्याला नवी भर नाही आणि दर 22 वर्षांनी ते निम्मं होतं. शंभर वर्षांत पाच टक्क्यांहून कमी उरतं. नाण्यात ते ठळकपणे सापडलं, तर शिसं अलीकडेच वितळवलेलं आहे. न सापडल्याने मात्र खरेपणा सिद्ध होत नाही. जुनं शिसं किंवा जुनी स्वस्त नाणी वितळवून नवी ओतणाऱ्याला ही चाचणी पकडू शकत नाही.

आणि नागासाकीत तर हे शास्त्र थबकतंच. जपान्यांनी 1659 पासून तिथे परदेशी व्यापारासाठी ‘युआनफंग’ नाणी ओतली. नाव मात्र चीनमधल्या 1078–1085 या काळातलं. नाणं ओतीव, गंज खरा, शिसे-210 कधीच संपलेलं. इथे अखेर अक्षरांच्या वळणाकडेच जावं लागतं.