दारू सुटल्यानंतरची गोळी

दारू सोडलेल्या माणसाच्या खिशात नैराश्यावरच्या गोळ्यांची पट्टी सापडली की 'एक व्यसन गेले, दुसरे लागले' असे घरातलेच कोणीतरी बोलून जाते. ठाण्यात १९०१ सालापासून मनोरुग्णालय असल्याने 'ठाण्याला पाठवा' ही थट्टा महाराष्ट्रभर चालते, आणि मग खुद्द ठाणेकरही मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी लपवून ठेवतो. घरच्यांच्या या संशयात तथ्य किती?

दारू मेंदूतील 'गाबा' या शामक रसायनाचा परिणाम वाढवते आणि 'ग्लुटामेट' या उत्तेजक रसायनाचा दाबते. रोज पिणाऱ्याचा मेंदू याची उलट भरपाई करून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की ती भरपाई तेवढी उरते, हात थरथरतात, झोप उडते, पहिल्या दोन दिवसांत फिटही येऊ शकते. (म्हणूनच जुने, भारी पिणे घरच्या घरी एका झटक्यात सोडू नये.) नंतरच्या उदासीचा बराचसा भागही दारूचाच असतो आणि तो साधारण चार आठवड्यांत ओसरतो. जो ओसरत नाही, तो बहुधा स्वतंत्र आजार. त्यामुळे पिणे सुरू होण्याआधी मन कसे होते, हे डॉक्टर घरच्यांना खोदून विचारतात. 'बारावीनंतर दोन महिने अंथरुणातून उठत नव्हता,' हे आईचे एक वाक्य तेव्हा पुष्कळ सांगून जाते.

नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांनी नशा चढत नाही, त्यांची तलफही येत नाही. त्या अचानक थांबवल्यास गरगरते, पण ते व्यसन नव्हे. झोपेच्या काही गोळ्या मात्र दारूप्रमाणे 'गाबा'वरच काम करतात आणि त्यांची सवय खरोखर लागते. म्हणजे घरच्यांचा संशय निराधार नाही. तो चुकीच्या पट्टीवर जातो, इतकेच. दारू सुटावी म्हणून दिल्या जाणाऱ्या डायसल्फिराममुळे काहींचे भास-भ्रम बळावू शकतात, तेव्हा दोन डॉक्टर असतील तर दोघांनाही सगळी औषधे ठाऊक हवीत. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मदतगटाच्या मीटिंगमधल्या जुन्या सोबत्याने 'गोळ्याही सोड' म्हटले, तरी ऐकू नये; अशाच एका गटाचे, अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे, सहसंस्थापक बिल विल्सन स्वतः दारू सुटल्यावरही अनेक वर्षे नैराश्याशी झुंजले होते.

मनाचे टोकाचे चढउतार आवरण्यासाठी दिले जाणारे लिथियम घेणाऱ्यांनी अधिक जपावे. तुर्भ्याच्या एमआयडीसीत मे महिन्याच्या पाळीत घाम निथळला, किंवा पुन्हा प्यायल्यावर उलट्या झाल्या, की शरीरातले पाणी घटून रक्तातील लिथियम वाढते. अशा वेळी हात जोरात कापू लागले, बोलणे अडखळले, तोल गेला, तर ती दारूची नशा समजून त्याला झोपू देऊ नये. पुढची गोळी न देता थेट रुग्णालय गाठावे आणि लिथियम चालू असल्याचे तिथे पहिल्यांदा सांगावे.