सांगलीत गृहविज्ञान व्यावसायिकांच्या संस्थेची नोंदणी : पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची रीत

सांगली जिल्ह्यात गृहविज्ञान शिकलेल्या व्यक्ती अनेक कामांत विखुरलेल्या आहेत. कोणी महाविद्यालयात शिकवते, कोणी मिरजेतल्या रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, कोणी एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून जत-आटपाडीकडच्या अंगणवाड्या पाहते, तर कोणी तासगावच्या बेदाण्याचे किंवा सांगलीच्या हळदीचे पदार्थ करून विकते. या सर्वांची एक नोंदणीकृत संस्था असावी, असे बोलून दाखवणारे पुष्कळ भेटतात. पण अर्ज कोठे करायचा, तो कोण करू शकते आणि कागदांत नेमके काय लिहायचे, या तीन प्रश्नांपाशी ते बोलणे बहुधा थांबते. पुढील माहिती त्यांच्यासाठी आहे. संस्थेचा पत्ता सातारा जिल्ह्यातला असेल तर कार्यालय साताऱ्याचे, एवढाच फरक. कायदा आणि कागद तेच.

दोन कायदे, दोन नोंदण्या

महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी दोन कायद्यांखाली होते. पहिली संस्था नोंदणी अधिनियम, 1860 खाली आणि दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली. दोन्ही अर्ज जिल्ह्याच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात, म्हणजे लोक ज्याला ‘धर्मादाय’ म्हणतात त्याच ठिकाणी जातात, कारण सहायक धर्मादाय आयुक्त हेच सहायक संस्था निबंधक म्हणूनही काम पाहतात. पहिल्या नोंदणीने संस्था अस्तित्वात येते आणि दुसरीने ती सार्वजनिक न्यास (ट्रस्ट) म्हणून नोंदवहीत चढते. पहिले प्रमाणपत्र हाती आले की काम संपले असे समजून दुसरा अर्ज राहून जातो, आणि मग बँक किंवा देणगीदार न्यासाचा क्रमांक मागतो तेव्हा धावपळ होते. न्यास नोंदणीचा अर्ज न्यास निर्माण झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत करायचा असतो, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे.

पात्रता

1860 च्या कायद्यानुसार किमान सात व्यक्ती लागतात. त्या सज्ञान असाव्यात आणि त्यांनी ज्ञापनावर, म्हणजे संस्थेचे नाव व उद्देश सांगणाऱ्या मूळ लेखावर, सह्या केलेल्या असाव्यात. गृहविज्ञानाची पदवी असलीच पाहिजे अशी अट कायद्यात नाही; ती घालायची असेल तर संस्थेने आपल्या नियमावलीत घालावी. माझे मत असे, की पूर्ण सभासदत्व पदवीधर व पदविकाधारकांना द्यावे आणि सहयोगी सभासदत्व अंगणवाडी सेविका, बचतगटांच्या कार्यकर्त्या व शिवणकाम शिकवणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी खुले ठेवावे, कारण हे शास्त्र घराघरांत पोचवण्याचे काम प्रत्यक्षात त्याच करतात.

सातही नावे एकाच घरातली किंवा एकाच महाविद्यालयातली नसावीत. शासकीय, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित संस्थेच्या सेवेत असलेल्या व्यक्तीने कार्यकारिणीत नाव देण्यापूर्वी आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी आणि तिची प्रत जोडावी.

उद्देशांचे कलम : सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा

ज्ञापनात तीन गोष्टी असतात : संस्थेचे नाव, तिचे उद्देश, आणि पहिल्या कार्यकारिणीची नावे, पत्ते व व्यवसाय. यांपैकी उद्देश लिहिताना घाई होते. दुसऱ्या एखाद्या महिला मंडळाचे ज्ञापन आणून, नाव बदलून तेच टंकलिखित करण्याची प्रथा आहे. यातून होणारे नुकसान मी पाहिले आहे. परिचयातील एका मंडळाने अनेक वर्षे आहाराविषयी उत्तम शिबिरे घेतली, पण एका सभासद नसलेल्या बाईंच्या सदोष शिलाई यंत्राबाबत तक्रार करण्याची वेळ आली तेव्हा ज्ञापनात ‘ग्राहक’ हा शब्दच सापडला नाही.

हा शब्द का हवा, ते थोडे विस्ताराने सांगतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 च्या कलम 35 नुसार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे स्वतः ग्राहकाप्रमाणेच मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही तक्रार दाखल करू शकते, मग तो ग्राहक तिचा सभासद असो वा नसो. आणि ‘मान्यताप्राप्त’ म्हणजे कोणत्याही प्रचलित कायद्याखाली नोंदलेली स्वयंसेवी ग्राहक संघटना, असे स्पष्टीकरण त्याच कलमाखाली दिलेले आहे. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर या तक्रारीला शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. गृहविज्ञान शिकलेल्या माणसांना कापडाचा पक्का रंग, खाद्यपदार्थाच्या पाकिटावरील मजकूर, भांड्याचा धातू आणि उपकरणाची सुरक्षितता यांची पारख असते. ही पारख आयोगापुढे उपयोगी पडायची असेल, तर ग्राहकहिताचे काम हा संस्थेचा लिखित उद्देश असावा लागतो.

इतर देशांतल्या या क्षेत्रातील संस्थांचा अनुभवही हेच सुचवतो. अमेरिकेत 1899 पासून लेक प्लॅसिड येथे भरलेल्या परिषदांतून 1909 मध्ये गृह अर्थशास्त्राची राष्ट्रीय संस्था आकाराला आली. तिच्या पहिल्या अध्यक्ष एलन स्वालो रिचर्ड्स या रसायनशास्त्रज्ञ होत्या, आणि पाण्याची शुद्धता व अन्नातील भेसळ हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. म्हणजे ग्राहकाचा विचार या शास्त्राला नंतर चिकटवलेला नाही, तो मुळातच आहे. 1994 मध्ये त्या संस्थेने आपल्या नावात ‘कुटुंब आणि ग्राहक विज्ञान’ असे शब्द घेतले. व्यावसायिकांसाठी परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणे, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि धोरणांविषयी शासनाकडे बाजू मांडणे, ही तिची मुख्य कामे राहिली आहेत. गृह अर्थशास्त्राचा आंतरराष्ट्रीय महासंघ 1908 मध्ये स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर येथे स्थापन झाला, आणि 21 मार्च हा त्याचा जागतिक दिवस आहे. आपल्याकडे दिल्लीचे लेडी आयर्विन महाविद्यालय 1932 मध्ये सुरू झाले आणि गृहविज्ञानाच्या शिक्षणाचे एक प्रमुख केंद्र बनले. कृष्णेच्या पाण्याची पातळी आयर्विन पुलावर मोजणाऱ्या सांगलीकरांना ते नाव परके वाटू नये. महाराष्ट्रात परभणीच्या कृषी विद्यापीठातील गृहविज्ञान महाविद्यालयाचे नाव आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय असे आहे, आणि विदर्भात याच विषयाला गृह अर्थशास्त्र म्हणतात. त्यामुळे उद्देशांत विषयाची ही सर्व नावे एकदा नोंदवावीत, म्हणजे कोणत्या पदव्या सभासदत्वाला चालतील याचा वाद पुढे उरणार नाही.

उद्देश लिहिताना दुसरी काळजी घ्यायची ती ‘सभासदांचे हित’ या शब्दांची. 1950 च्या कायद्याच्या कलम 9 मध्ये धर्मादाय हेतूंत गरिबी निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत आणि सर्वसामान्य लोकोपयोगाचे इतर हेतू यांचा समावेश आहे. व्यावसायिकांची संस्था सहज लिहून जाते, की सभासदांच्या नोकरीविषयक अडचणी सोडवणे, सभासदांना आर्थिक साह्य देणे, त्यांच्या वेतनश्रेणीसाठी प्रयत्न करणे. ही कामे चुकीची नाहीत, परंतु तेवढीच असतील तर ही संस्था सार्वजनिक कशी, हा प्रश्न चौकशीत येतो. म्हणून पहिला उद्देश जनतेचा ठेवावा : सांगली जिल्ह्यातील कुटुंबांमध्ये आहार, पोषण, बालसंगोपन, वस्त्रांची निवड व निगा आणि घरखर्चाचे नियोजन यांविषयी शास्त्रीय ज्ञानाचा प्रसार करणे. दुसरा असा ठेवावा, की ग्राहकांना त्यांच्या हक्कांची माहिती देणे, भेसळ ओळखण्याची प्रात्यक्षिके घेणे आणि आवश्यक तेथे ग्राहकांच्या वतीने सक्षम प्राधिकाऱ्याकडे तक्रार करणे. व्यावसायिकांचे प्रशिक्षण, चर्चासत्रे व संशोधन हा तिसरा. चौथा उद्देश इथल्या नदीने शिकवला आहे. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर निवारा केंद्रांतील स्वयंपाक, पिण्याचे पाणी, तान्ह्या मुलांचा व गरोदर स्त्रियांचा आहार आणि भिजलेल्या धान्याची विल्हेवाट यांचे मार्गदर्शन कोणी करावे हे ठरलेले असणे किती गरजेचे आहे, ते सांगलीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

भेसळीच्या कामाला आपल्या जिल्ह्यात विशेष अर्थ आहे, कारण सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या नावावर निकृष्ट भुकटी विकली गेली तर नुकसान शेतकरी व ग्राहक दोघांचे होते. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकली असता शुद्ध हळद फिकट पिवळा रंग सोडत तळाशी बसते, तर रंग मिसळलेली हळद पाणी गडद पिवळे करते. एवढी चाचणी शाळेतही दाखवता येते. मात्र तिच्यावरून कोणाविरुद्ध आरोप करू नये. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, 2006 च्या कलम 40 प्रमाणे खरेदीदार शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. त्यासाठी तसा हेतू खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला कळवावा लागतो.

उद्देशांच्या कलमावर इतका भर देण्याचे कारण असे, की उद्देश नंतर बदलणे फार कष्टाचे आहे. 1860 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे त्यासाठी दहा दिवस आधी सूचना देऊन विशेष सभा घ्यावी लागते, तीन-पंचमांश मते लागतात, आणि त्यानंतर महिन्याभराच्या अंतराने दुसरी विशेष सभा घेऊन तितक्याच मतांनी तो ठराव पुन्हा कायम करावा लागतो.

नाव

शासनाचा किंवा केंद्राचा आश्रय असल्याचा भास होणारे नाव घेऊ नये; बोधचिन्हे व नावे अधिनियम, 1950 खाली त्याला हरकत येते. दोन-तीन पर्यायी नावे आधीच ठरवावीत, कारण सारख्या नावाची संस्था असेल तर अर्ज परत येतो.

कागदपत्रे

अर्जासोबत ज्ञापन आणि नियमावली लागते. नियमावलीची प्रत खरी असल्याबद्दल कार्यकारिणीतील किमान तीन सभासदांनी तिच्यावर सह्या करायच्या असतात. सातही सभासदांचे संमतीपत्र, त्यांच्यापैकी एकाला अर्ज करण्याचे व त्रुटी दूर करण्याचे अधिकारपत्र, अध्यक्ष किंवा सचिवांचे प्रतिज्ञापत्र, प्रत्येकाचा ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र हे पुढचे कागद. कार्यालयाच्या जागेसाठी जागामालकाचे संमतीपत्र आणि वीजबिल किंवा घरपट्टीची पावती जोडावी. स्थापनेच्या सभेचे इतिवृत्त आणि त्यातील ठराव यांची प्रत अवश्य असावी, कारण पुढे तारखांचा प्रश्न आला तर तोच आधार असतो. नावे सर्व कागदांवर अक्षरशः सारखी हवीत. आधारपत्रावर एक आडनाव आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे दुसरे, ही स्त्रियांच्या संस्थांमधली नेहमीची त्रुटी आहे, आणि ती राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जोडून आधीच दूर करता येते.

नियमावलीत सभासदांचे प्रकार व वर्गणी, कार्यकारिणीची संख्या व मुदत, सभेची सूचना, गणसंख्या, निवडणुकीची रीत आणि बँकेच्या व्यवहारावर कोणाच्या सह्या चालतील, हे स्पष्ट लिहावे. अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांपैकी दोघांच्या सह्या, ही रीत बरी. संस्था विसर्जित झाल्यास शिल्लक मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही, ती समान हेतूच्या दुसऱ्या संस्थेकडे जाते, याचीही नोंद असावी.

अर्ज आणि चौकशी

धर्मादाय आयुक्त संघटनेच्या संकेतस्थळावर अर्ज भरून शुल्क भरायचे आणि कागदपत्रे जोडायची, अशी पद्धत आहे. त्रुटी निघाल्यास कळवले जाते, आणि दिलेल्या मुदतीत पूर्तता करावी लागते. संस्था नोंदणीचे प्रमाणपत्र मिळाले की 1950 च्या कायद्याच्या कलम 18 खाली न्यास नोंदणीचा अर्ज द्यावा. त्यावर कलम 19 प्रमाणे चौकशी होते : न्यास आहे का, तो सार्वजनिक आहे का, विश्वस्त कोण, मालमत्ता काय, उत्पन्न व खर्च किती. चौकशीनंतर हुकूम होतो आणि नोंदवहीत नोंद होऊन क्रमांक मिळतो. संस्थांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते. नोंदवहीचा उतारा, ज्याला सगळे ‘शेड्यूल वन’ म्हणतात, त्याच्या दोन प्रमाणित प्रती लगेच काढाव्यात. पॅन, बँक खाते आणि आयकर सवलतीची नोंदणी ही यापुढची स्वतंत्र कामे आहेत.

मूळ प्रमाणपत्रे गावभागासारख्या पूरप्रवण भागात तळमजल्यावरच्या कपाटात ठेवू नयेत.

नोंदणीनंतर

बहुतेक संस्था अडचणीत येतात त्या नोंदणीनंतर. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला, नवी कार्यकारिणी निवडून आली, की 1950 च्या कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो. पंधरा-वीस वर्षे तो दिलाच नाही, तर नोंदवहीत अजून पहिल्याच अध्यक्षांचे नाव असते. त्या हयात नसल्या तर त्यांच्या सहीचा प्रश्न येतो, आणि चांगले काम करणारी कार्यकारिणी कागदोपत्री अस्तित्वातच नसते. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत कार्यकारिणीची यादी निबंधकांकडे द्यायची असते, आणि नियमावलीत वार्षिक सभेची तरतूद नसेल तर ती यादी जानेवारीत द्यावी लागते. 31 मार्चला हिशेब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावे. वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही, म्हणून निवडणुकीच्या सभेआधी खजिनदारांनी थकबाकीची यादी फलकावर लावावी. प्रत्येक बदल अर्जाची पोच घेऊन ती वर्षवार फाइलला लावावी, आणि सचिव बदलताना रोकडवहीसोबत ही फाइलही सही घेऊन नव्या सचिवांच्या हाती द्यावी.