माशासोबत रेड वाइन चालत नाही?

‘मासे असतील तर व्हाइट वाइनच’ हा नियम इतक्यांदा ऐकवला जातो की तो निसर्गनियमच वाटावा. तसं मुळीच नाही. उत्तर पोर्तुगालच्या मिन्यू भागात ‘विन्यांव’ द्राक्षाची ‘विन्यू वेर्द’ ही तिथली गडद लाल वाइन भाजलेल्या सार्डिनबरोबर आवडीने पितात, तीही पांढऱ्या चिनीमातीच्या वाडग्यातून! (‘वेर्द’ म्हणजे हिरवी, पण इथे अर्थ कोवळी, ताजी.)

नियमामागचं कारण मात्र खरं आहे. वाइनमध्ये लोह जास्त असलं की माशासोबत तोंडात उग्र, माशाच्या वासाची चव रेंगाळते. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवलं. पण लोहाचं प्रमाण काही रंगावरून ठरत नाही. माझं मत विचाराल तर फ्रान्समधल्या बोजोलेची हलकी, कमी टॅनिनची (टॅनिन म्हणजे वाइनला तुरटपणा आणणारा घटक) रेड किंचित थंड करून भाजलेल्या माशासोबत जरूर घेऊन बघा.