ग्रहांची टक्कर आणि कवचाचं वितळणं

दोन ग्रह एकमेकांवर आदळले तर वरचं दगडी कवच वितळतं का? वितळतं, आणि नुसतं कवच नाही, खालचं प्रावरणसुद्धा, म्हणजे कवच आणि गाभा यांच्यामधला जाड दगडी थर, खोलपर्यंत वितळतं. आपल्याच पृथ्वीचं असं झालं असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात, साधारण ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक ग्रह, त्याला थिया म्हणतात, पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मालातून चंद्र तयार झाला.

सगळा खेळ आकाराचा आहे. आपल्या बुलढाण्यातलं लोणार बघा, तिथे उल्का आदळून १.८ किलोमीटरचं विवर झालं, बसाल्ट वितळून त्याची काच झाली, पण तेवढ्यापुरतीच. ६.६ कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत चिक्शुलुबला जवळपास १० किलोमीटरचा लघुग्रह पडला, डायनासोर संपले, तरी पृथ्वीचं कवच शाबूत राहिलं. थियाची गोष्टच वेगळी. सेकंदाला ११ किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलो दगडात, तेवढाच दगड वितळवायला लागते त्याच्या पंचवीस-तीस पट तरी ऊर्जा असते, आणि थियाचं वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, म्हणजे हिशोबाने अख्खी पृथ्वी वितळायला पुरेल इतकी. अर्थात ही उष्णता सगळीकडे सारखी वाटली जात नाही, त्यामुळे अगदी तळाचं प्रावरण काही ठिकाणी घट्ट राहिलेलं असू शकतं, पण वर मात्र शिलारसाचा समुद्र आणि त्याच्यावर दगडाची वाफ!

याचा सगळ्यात सुंदर पुरावा चंद्रावर आहे. १९६९ मध्ये अपोलो ११ ने आणलेल्या मातीत काही मिलिमीटरचे पांढुरके कण सापडले, अॅनॉर्थोसाइटचे. हा दगड मुख्यतः प्लॅजिओक्लेज नावाच्या हलक्या खनिजाचा असतो. त्यावरून १९७० मध्ये कल्पना पुढे आली की चंद्रही आधी वितळलेला होता, आणि शिलारस थंड होताना जड स्फटिक तळाला बसले, हलके वर तरंगले, दुधावर साय धरते तसे. पौर्णिमेला चंद्राचा जो उजळ भाग दिसतो ना, तीच ती साय, काळे डाग म्हणजे नंतर वर आलेला बसाल्ट लाव्हा.

पृथ्वीवर असं जुनं कवच उरलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधले झिरकॉन नावाच्या टिकाऊ खनिजाचे बारीक कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत, म्हणजे तोवर इथे नवीन कवच धरायला लागलं होतं. टकरीच्या आधीच्या कवचाचा मात्र एक खडाही अजून कुणाला सापडलेला नाही.