लीडरबोर्डवर जो वर, त्याचं योगदान मोठं?

'क्रिप्टो प्रकल्पाच्या लीडरबोर्डवर (सहभागींच्या गुणांनुसार लावलेल्या यादीत) ज्याचा नंबर वरचा, तोच खरा योगदानकर्ता' हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. तसं वाटणं स्वाभाविक आहे, आकडा समोर दिसतो ना.

पण लीडरबोर्ड कृती मोजतो: व्यवहार, पोस्ट, रेफरल (इतरांना जोडून आणणं). त्या कृतीचा कुणाला उपयोग झाला का, हे त्याला कळत नाही. नवं वॉलेट (क्रिप्टो ठेवायचं डिजिटल खातं) उघडायला सहसा ओळखपत्र लागत नाही. त्यामुळे गुणांच्या बदल्यात बक्षीस म्हणून टोकन (प्रकल्पाचं डिजिटल नाणं) मिळणार असेल, तर एकच माणूस ५० वॉलेटं उघडून स्वतःशीच देवाणघेवाण करू शकतो.

हे तपासता येतं. ब्लॉकचेन एक्सप्लोररवर (व्यवहारांची सार्वजनिक नोंद दाखवणाऱ्या साइटवर) वॉलेटचा पत्ता टाका आणि पहिली रक्कम कुठून आली ते पाहा. एकाच पत्त्यावरून अनेक वॉलेटांना सारखीच रक्कम आणि पुढे ठरावीक अंतरानं तेच व्यवहार दिसले, तर शंकेला जागा आहे. (तो पत्ता क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या एक्स्चेंजचा असेल तर घाई नको, तिथून हजारो अनोळखी लोक पैसे काढतात.)

माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे बक्षीस संपल्यानंतरचा काळ. त्यानंतरही कोण चुका कळवतंय, कोड दुरुस्त करतंय, नवख्यांना उत्तरं देतंय? बक्षीस घेतलं म्हणून काम खोटं ठरत नाही, हेही खरंच.