गाडीची वायर कडक का होते?

एप्रिल-मे महिना आला की धावत्या किंवा नुसत्या उभ्या गाडीने पेट घेतल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत दिसू लागतात आणि त्यांच्या मथळ्यांत 'उन्हाच्या तडाख्याने' हे शब्द हमखास असतात. विदर्भातल्या कडक उन्हाळ्यात हवेचे तापमान फार तर 47-48 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. एवढ्या तापमानाला पेट्रोलची वाफ आपोआप पेटत नाही, रबर पेटत नाही आणि साधा कागदही पेटत नाही. ठिणगी कुठून तरी यावी लागते आणि जुन्या गाडीत ती जिथून येऊ शकते अशा जागांमध्ये वायरिंगचा क्रमांक बराच वरचा असतो. मात्र 'वायरिंग जुने झाले होते' एवढे सांगून विषय संपवला, की रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्या माणसाचे समाधान होत नाही, कारण 'जुने होणे' ही काही रासायनिक क्रिया नव्हे.

आमच्याकडे 1988 सालची एक गाडी आहे. गेल्या पावसाळ्यात तिच्या डाव्या हेडलाइटचा उजेड कंदिलासारखा पिवळा पडला, म्हणून स्विचपासून दिव्यापर्यंत जाणारी वायर मी बाहेर काढली. या वायरीचा अर्धा भाग डॅशबोर्डच्या मागे होता. उरलेला भाग पत्र्याच्या भोकातल्या रबरी कड्यातून (ग्रोमेटमधून) इंजिनाच्या बाजूला येऊन एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून, म्हणजे इंजिनातला तप्त धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांपासून, वीतभर अंतरावरून पुढे गेला होता. दोन्ही भागांतून बोटभर लांबीचे तुकडे कापून मी ते पेन्सिलीभोवती गुंडाळले. डॅशबोर्डमागचा तुकडा मुकाट्याने तीन वेढे बसला. इंजिनाकडच्या तुकड्याचा पहिला वेढा पुरा होण्याआधीच 'कट्' असा आवाज आला आणि भुईमुगाचे टरफल फुटावे तसे आवरण फुटून टेबलावर पडले. आतल्या तांब्याच्या तारा काळ्या पडल्या होत्या आणि लगजवळ, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडणीजवळ, त्यांच्यावर हिरवट पूड जमली होती. वायर एकच, कारखाना एकच, वय एकच असूनही एक टोक तरुण होते आणि दुसरे मोडकळीला आलेले. तेव्हा दोष वयाला देता येत नाही, तो शोधायचा तर आवरणाच्या आत शिरावे लागते.

हे आवरण पीव्हीसीचे, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड या बहुवारिकाचे असते. शुद्ध पीव्हीसी मुळात मऊ नसते. नळाच्या करड्या पाइपाइतके ते ताठ असते आणि सुमारे 80 अंशांच्या वर तापवल्याशिवाय त्याच्या लांबलचक रेणुसाखळ्या एकमेकींवरून सरकू लागत नाहीत. वाल्डो सेमन हे रसायनशास्त्रज्ञ 1926 साली अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच या रबर कंपनीत धातूला रबर चिकटवण्याचा उपाय शोधत होते. तेव्हा निरुपयोगी समजले जाणारे पीव्हीसी त्यांनी उच्च उत्कलनबिंदू असलेल्या द्रवात तापवून पाहिले आणि थंड झाल्यावर त्यांच्या हाती रबरासारखा लवचिक गोळा आला. आज गाड्यांतच नव्हे, तर घराघरांत असलेल्या मऊ पीव्हीसीचा उगम त्या गोळ्यात आहे.

पीव्हीसीत मिसळल्या जाणाऱ्या या तेलकट द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. वायरीच्या आवरणात पीव्हीसीच्या दर 100 भागांमागे त्याचे साधारण 40 ते 60 भाग असतात. त्याचे रेणू पीव्हीसीच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांना एकमेकींपासून जरा दूर ठेवतात, त्यामुळे साखळ्यांमधले आकर्षण कमी होते आणि पदार्थ ताठ होण्याचे तापमान 80 अंशांवरून शून्याच्याही खाली उतरते. इथे एक बाब नीट ध्यानात घ्यावी. प्लास्टिसायझरचा पीव्हीसीशी रासायनिक बंध झालेला नसतो. कणकेत मोहन घालावे तसा तो केवळ मिसळलेला असतो आणि संधी मिळताच निघून जातो.

तो निघून जातो याचा पुरावा प्रत्येकाने शाळेत असताना पाहिलेला आहे. कंपासपेटीत मऊ, पांढरे खोडरबर प्लास्टिकच्या पट्टीला टेकून महिनाभर पडून राहिले, की ते पट्टीला चिकटते आणि ओढून काढल्यावर पट्टीवर त्याच्या आकाराचा खळगा दिसतो. ते खोडरबर म्हणजे रबर नव्हेच, भरपूर प्लास्टिसायझर घातलेले पीव्हीसी असते आणि त्यातला द्रव शेजारच्या पट्टीत शिरून तिला विरघळवतो. जुन्या वायरीवरची काळी टेप सोडवताना बोटांना जो चिकट राब लागतो, त्यामागेही हेच स्थलांतर असते. टेपच्या आणि वायरीच्या आवरणातले प्लास्टिसायझर टेपच्या गोंदात उतरून त्याला पातळ करते.

शेजारी कोणी नसेल तेव्हा प्लास्टिसायझर हवेत जातो. त्याचा उत्कलनबिंदू साडेतीनशे अंशांच्या वर असतो, तरीही पाणी उकळल्याशिवाय धुणे वाळते तसाच तो पृष्ठभागावरून सावकाश उडत राहतो. आवरणाच्या आतले रेणू विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत पसरत, पृष्ठभागाकडे येतात, पृष्ठभागावरचे हवेत निघून जातात आणि या दोन्ही क्रियांचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. तापमान 10 अंशांनी वाढले, की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. हा नियम नव्हे, नुसता अडाखा आहे, पण तेवढ्यावरही गणित मांडून पाहता येते. डॅशबोर्डमागे 45 अंश आणि मॅनिफोल्डजवळ 85 अंश धरले, तर 40 अंशांच्या फरकाला चार वेळा दुप्पट, म्हणजे 16 पट वेग येतो. इंजिन गरम असतानाचा प्रत्येक तास त्या टोकाला 16 तासांएवढा पडतो. भर म्हणजे इंजिन बंद केल्याबरोबर वारा आणि पाण्याचे अभिसरण दोन्ही थांबल्यामुळे बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी काही काळ आणखी चढते. म्हणून घाट चढून आल्याआल्या इंजिन बंद करणाऱ्या चालकाच्या वायरी अधिक भाजतात.

द्रव गेला की आवरणाचे आकारमानही घटते, पण आतले तांबे आकसत नाही. परिणामी आवरण तांब्यावर ताणून बसते आणि दोन्ही टोकांकडून मागे सरकते. प्रत्येक लगपाशी दोन-तीन मिलिमीटर उघडे तांबे दिसू लागते. आधीच्या मेकॅनिकने निष्काळजीपणे जास्त सोलले असावे, असा माझाही समज झाला होता. आणखी तापले तर पुढचा टप्पा येतो. पीव्हीसीच्या वजनात अर्ध्याहून अधिक वाटा क्लोरिनचा असतो. उष्णतेने साखळीतून हायड्रोजन क्लोराइडचा एक रेणू सुटतो आणि तिथे कार्बन-कार्बन दुहेरी बंध तयार होतो. या बंधामुळे शेजारचा क्लोरिन अधिक सैल होतो, मग तोही सुटतो आणि पँटची चेन उघडत जावी तशी ही क्रिया साखळीभर पुढे सरकते. एकाआड एक दुहेरी बंधांची रांग लांबली, की ती निळा प्रकाश शोषू लागते. पांढरी वायर आधी पिवळी आणि मग तपकिरी दिसते ती यामुळे. सुटलेले हायड्रोजन क्लोराइड हीच क्रिया आणखी भडकवते आणि दमट हवेत त्याचे आम्ल होऊन तांब्याला खाते, हिरवी पूड त्यातूनच येते. हे आम्ल शोषून घेण्यासाठी जुन्या पीव्हीसीत शिशाचे क्षार घालत असत. ते संपेपर्यंत सगळे आलबेल दिसते.

आता बाजारातल्या उपायांकडे वळतो. 'वायरिंगला नवजीवन' देणारे फवारे मिळतात. त्यांनी पृष्ठभाग चकचकीत होतो, पण तीस वर्षांत उडून गेलेला द्रव योग्य प्रमाणात, योग्य खोलीवर परत भरला जात नाही. दुसरा चकवा हेअर ड्रायरचा आहे. कडक वायरीवर गरम हवा मारली की ती मऊ पडते आणि 'बघा, सुधारली' असे म्हटले जाते. आपण तिला फक्त ताठ होण्याच्या तापमानाच्या वर नेलेले असते. निवली की ती पुन्हा काडीसारखी ताठ होते. एवढा फायदा मात्र खरा आहे, की वायरींचा जुडगा हलवावाच लागणार असेल तर तो कोमट असताना हलवावा. गारठ्याच्या सकाळी हात घातला, तर धड असलेले आवरणही तडकते. माझ्या गाडीला पूर्वीच्या मालकाने बांधलेली लिंबू-मिरची उघड्या पडलेल्या वायरीपासून हातभर अंतरावर लोंबत होती. शॉर्ट सर्किट झालेली बॅटरी क्षणार्धात काहीशे अँपिअर सोडू शकते आणि एवढा प्रवाह दृष्ट काढून कमी झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

हा दोष गरीब गाड्यांपुरता नाही. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार झालेल्या अनेक मर्सिडीज गाड्यांच्या इंजिनावरील जुडग्याचे आवरण अवघ्या दशकभरात भुगा होऊन गळू लागले होते, केबिनमधल्या वायरी मात्र धडधाकट राहिल्या. त्याच पिढीची डब्ल्यू 124 ही गाडी 1995 पासून पुण्यात जोडली जाऊ लागली, म्हणून आपल्याकडच्या शौकिनांनाही ही गोष्ट ठाऊक आहे. त्याहून जुन्या, रबर आणि सुती विणीच्या वायरींची कथा वेगळी आहे. तिथे ऑक्सिजन आणि ओझोन रबराला कडक करतात, तर रबरातले गंधक तांब्यावर चढते. म्हणूनच त्या काळी तांब्याच्या तारांना कथिलाचा मुलामा देत असत.

तपासणीतली सर्वांत मोठी फसगत मल्टीमीटरच्या 'बीप'मुळे होते. वायरीतल्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली, तरी मीटर आनंदाने वाजतो, कारण तो तपासण्यापुरताच किरकोळ प्रवाह सोडतो. खरी परीक्षा दिवा लावून घ्यावी. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी दिव्याच्या पॉझिटिव्ह पिनेला लावली, की वाटेत किती व्होल्ट हरवतात ते कळते. माझ्याकडे 1.6 व्होल्ट हरवत होते. तंतूच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घातानुसार बदलतो, म्हणजे दहा टक्के व्होल्ट घटले तर उजेड तीस टक्क्यांनी घटतो. उरलेली ऊर्जा कपलरमध्ये, म्हणजे दोन वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, उष्णता होऊन बसते आणि तिथले आवरण आणखी सुकवते. अर्थिंगच्या बाजूचीही अशीच मोजणी करावी.

दुरुस्तीत मला सगळ्यांत जास्त चीड आली ती आधीच्या कोणा कारागिराने मॅनिफोल्डजवळच जोडलेल्या घरगुती वायरीच्या तुकड्याची. घरच्या वायरीचे पीव्हीसी साधारणपणे 70 अंशांसाठी असते, तर गाडीच्या वायरींच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत 'ए' वर्ग 85, 'बी' वर्ग 100 आणि 'सी' वर्ग 125 अंशांपर्यंत मोजला जातो. या तापमानाला वायर सलग 3000 तास भाजून मग तपासतात. इंजिनाकडच्या भागात मी एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन) आवरणाची 'सी' वर्गातली वायर घातली. त्यात साखळ्या एकमेकींना बंधांनी जोडलेल्या असतात आणि मऊपणासाठी प्लास्टिसायझर लागतच नाही, त्यामुळे उडून जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जोड डाग देऊन न करता दाबून बसवलेल्या थिंबलने, म्हणजे धातूच्या टोपणाने, केले, कारण कथिल तारांमध्ये चढून तिथे ताठ सांधा तयार होतो आणि कंपनांनी वायर त्या सांध्याच्या कडेला तुटते. फ्यूज होता तेवढ्याच अँपिअरचा ठेवला. तो सारखा उडतो म्हणून मोठा बसवणारे लोक आहेत, पण फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो.

बॅटरीचे निगेटिव्ह टोक पुन्हा जोडून मोजले तेव्हा हरवणारे व्होल्ट 0.3 वर आले होते. डॅशबोर्डमागचा भाग मी तसाच ठेवला आहे, कारण तो पेन्सिलीवर अजून तीन वेढे घेतो. डिसेंबरात, पहाटेच्या थंडीत, त्याचा आणखी एक तुकडा कापून पाहणार आहे.