उशाशी पिस्तूल : धोका नेमका कोणाला?

2024च्या ऑक्टोबरात मुंबईत दोन घटना घडल्या. 1 तारखेला पहाटे जुहूच्या घरी, बाहेरगावी निघण्याच्या तयारीत असलेल्या अभिनेता गोविंदाच्या पायात त्याच्याच परवान्याच्या रिव्हॉल्वरमधली गोळी घुसली. 12 तारखेच्या रात्री वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यांना पोलिस संरक्षण होते. दुसऱ्या घटनेनंतर ‘आता जवळ काहीतरी हवंच’ ही भाषा सोसायट्यांच्या गप्पांतही ऐकू येऊ लागली. पहिल्या घटनेवर मात्र दोन दिवस हळहळ झाली आणि विषय संपला. स्वसंरक्षणासाठी हत्यार घ्यावे का, हे ठरवायचे असेल, तर माझ्या मते पहिल्या घटनेकडेच जास्त लक्ष द्यायला हवे.

रिव्हॉल्वर कपाटात ठेवताना हातातून पडले आणि गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. चाप न ओढता गोळी कशी सुटेल, अशी शंका अनेकांनी घेतली. तशी ती सुटू शकते. काडतुसाच्या बुडाशी ठोका बसताच पेटणारे रसायन असते. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्वरमध्ये हॅमर, म्हणजे ठोका देणारा मागचा भाग, या बुडाला जवळजवळ टेकलेला असतो. हत्यार नेमके हॅमरवर आपटले की तो धक्का थेट काडतुसाला बसतो. नव्या बनावटीत चाप पूर्ण ओढल्याशिवाय ठोका पोहोचू नये यासाठी मध्ये अडसर ठेवलेला असतो. जुने हत्यार बाळगणारे जाणकार म्हणूनच हॅमरखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवतात.

पण मूळ वाद अपघातांचा नाही. हत्यारामुळे किती जीव वाचतात आणि किती जातात, हा आहे. भारतात 1959च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय हत्यार बाळगता येत नाही, त्यामुळे इथली आकडेवारी तुटपुंजी. बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत आणि तिथेही ‘वाचलेले जीव’ मोजणे अतिशय अवघड ठरले आहे.

1993 साली गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ या संशोधकांनी सुमारे 5 हजार लोकांना दूरध्वनीवरून विचारले, की गेल्या वर्षभरात तुम्ही बचावासाठी बंदूक वापरली का? शंभरातल्या जेमतेम एक-दीड जणाने ‘हो’ म्हटले. हे प्रमाण अख्ख्या देशाला लावल्यावर वर्षाला सुमारे 25 लाख वेळा बचाव झाला, असा आकडा आला. बंदुकीचे समर्थक आजही तो सांगतात. हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे यांनी त्यातली गोम दाखवली. शंभरात एकाने जरी चुकून किंवा फुशारकीने ‘हो’ म्हटले, दोन वर्षांपूर्वीचा प्रसंग गेल्या वर्षीचा म्हणून सांगितला, तरी 19-20 कोटी प्रौढांच्या देशात त्या एकट्या चुकीतून 20 लाखांच्या आसपास बनावट ‘बचाव’ तयार होतात. दुर्मीळ गोष्ट मोजताना छोटी चूकही खऱ्या आकड्याला गिळून टाकते. तिथल्या सरकारच्या गुन्हेपीडितांच्या पाहणीत आधी गुन्हा घडला का हे विचारतात, आणि घडला असेल तरच बचावाबद्दल. त्यातून येणारा आकडा साधारण 60 हजार ते 1 लाख. म्हणजे बचाव होतात, हे नक्की. त्या लोकांचे अनुभव खोटे म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. पण 25 लाख हा आकडा टिकत नाही.

दुसरी बाजूही तपासून घ्यायला हवी. 1993 साली आर्थर केलरमन यांच्या गटाने दाखवले, की ज्या घरात बंदूक आहे तिथे घरातच खून होण्याचा धोका सुमारे 2.7 पट असतो. यावरचा आक्षेप रास्त होता : ज्यांच्या जिवाला धोका आहे तेच बंदूक घेतात, मग कारण कुठले आणि परिणाम कुठला? तीनशे-चारशे घरांच्या तुलनेतून याचे समाधानकारक उत्तर मिळणे कठीण होते. पुढे कॅलिफोर्नियात मतदारयाद्या, पिस्तूल खरेदीच्या नोंदी आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी जोडून लाखो लोकांचा वर्षानुवर्षे माग काढला गेला. 2022 साली आलेल्या या अभ्यासात स्वतः पिस्तूल न बाळगणारे, पण पिस्तूलवाल्यासोबत राहणारे लोक पाहिले होते. त्यांचा खून होण्याचे प्रमाण पिस्तूल नसलेल्या घरांतल्या लोकांच्या दुपटीहून अधिक निघाले. घरात जोडीदाराच्या गोळीने मरण्याचे प्रमाण सातपट होते आणि त्यात बळी पडलेल्या बहुतेक स्त्रिया होत्या. अनोळखी माणसाकडून मारले जाण्यापासून विशेष संरक्षण मिळाल्याचे मात्र दिसले नाही.

याच संशोधकांच्या 2020च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली होती. पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत आत्महत्येचे प्रमाण इतरांच्या तिपटीहून जास्त होते. स्त्रियांत ते सातपट होते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. जिवावर उठवणारी लाट अनेकदा थोड्या वेळाची असते आणि ती ओसरेपर्यंत साधन हाताशी नसले, तर बहुतेक माणसे वाचतात, पुढे जगतात. बंदूक तेवढी उसंत देत नाही. इस्रायलच्या सैन्याने 2006 पासून सुट्टीवर घरी जाणाऱ्या सैनिकांना रायफल तळावरच ठेवायला सांगितले, तेव्हा आत्महत्या सुमारे 40 टक्क्यांनी घटल्या. आपल्या घरात कोणी अशा काळातून जात असेल, तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

आता प्रत्यक्ष प्रसंग. अंगावर कोणी धावून आला, की शरीरात अॅड्रेनलिन उसळते, बोटांची बारीक हालचाल बिघडते, नजर एका बिंदूवर खिळते. 1983 साली डेनिस ट्यूलर या अमेरिकी पोलिस प्रशिक्षकाने मांडले, की सुमारे साडेसहा मीटरवरचा चाकूधारी माणूस दीड सेकंदात अंगावर येऊ शकतो. सरावलेल्या माणसालाही कमरेचे पिस्तूल काढून गोळी झाडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. मुंबईतल्या वन बीएचकेत एवढी मोकळी जागा असते कुठे? न्यूयॉर्कच्या पोलिसांचा 1998 ते 2006 मधला हिशेब पाहिला, तर समोरून गोळीबार होत असताना त्यांच्या शंभरातल्या सरासरी 18 गोळ्याच लागल्या. हे पगारी, प्रशिक्षित पोलिस होते.

उरलेल्या गोळ्या कुठेतरी जातातच. आपल्याकडे परवान्यावर सर्रास मिळणाऱ्या .32 रिव्हॉल्वरची गोळी जेमतेम 6 ग्रॅमची, पण ती सेकंदाला 200 मीटरच्या आसपास वेगाने सुटते. एक किलोचा दगड चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडताना जी ऊर्जा गोळा करतो, तेवढी ऊर्जा तिच्यात असते आणि ती बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर आदळते. चाळीतले प्लायवूडचे पार्टिशन तिला अडवू शकत नाही. पलीकडे शेजाऱ्यांचे मूल झोपलेले असते.

यावर ‘कुलपात ठेवू’ असे उत्तर मिळते. कुलपात, रिकामे आणि गोळ्या वेगळ्या, हीच सुरक्षित पद्धत. पण मग रात्री दोन वाजता ते वेळेवर हातात येणार नाही. उशाशी भरून ठेवले तर ते घरातल्या कोणाच्याही हाती लागते. ही ओढाताण कुठल्याच बनावटीने पूर्ण सुटलेली नाही. 2024च्या फेब्रुवारीत दहिसरमध्ये एका माजी नगरसेवकाची हत्या झाली, तेव्हा वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे असल्याचे पोलिसांनी सांगितले होते.

एकट्या वस्तीवर राहणारा शेतकरी, खरोखर धमक्या येत असलेला साक्षीदार, यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यांच्या अर्जाला ‘मुंबईत पोलिस दहा मिनिटांत येतात’ हे उत्तर पुरे पडत नाही. मात्र दाट वस्तीच्या शहरात, कुटुंबासोबत राहणाऱ्या माणसासाठी पुरावा एका बाजूला स्पष्ट झुकतो, असे मला वाटते.

परवाना देताना मुंबईत पोलिस आयुक्तालय चौकशी करते आणि तिचा भर अर्जदारावर असतो : त्याच्यावर गुन्हे आहेत का, त्याला धोका आहे का. धोका वाढतो तो मात्र त्याच्यासोबत राहणाऱ्यांचाही. कॅनडात अर्जावर सध्याच्या आणि गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर अधिकारी त्या व्यक्तीला अर्जाबद्दल कळवतात. आपल्याकडे परवाना देताना आणि दर नूतनीकरणाला घरातल्या प्रौढ स्त्रीशी, अर्जदार समोर नसताना, पोलिसांनी बोलणे बंधनकारक करायला काहीच हरकत नसावी.